नाव नंतर सांगा

मालकीणबाईंचं गाणं संपलं, टाळ्या झाल्या आणि मालकांनी मोठ्या हौसेनं विचारलं, "काय मुकादम, कसं वाटलं आमच्या हिचं गाणं?"

मुकादमसर खुर्चीतून उठले. एक हात पाठीमागे घेतला. म्हणाले, "आवाज गोड आहे, साहेब. पण गाण्यातली बाई दार नुसतं लोटते. वहिनी ते पाहुण्यांना दाखवतात. सागवानी आहे, म्हणून."

मला त्या ऑफिसात लागून जेमतेम महिना झाला होता. वाशीतलं आमचं ऑफिस म्हणजे बंदरातून सुटणाऱ्या कंटेनरची कागदपत्रं करणारी मोजकी माणसं, आणि त्या दिवशी मालकांच्या वाढदिवसाचे सगळ्यांना सामोसे होते. माझा सामोसा तोंडापर्यंत आला होता, तो तिथंच राहिला. मी माथाडी कामगाराची मुलगी. साताऱ्याहून येऊन मार्केटात पोती उचलणाऱ्या माझ्या वडिलांनी मला नोकरीला पाठवताना एकच सांगितलं होतं, की मालकापुढं खरं बोलायची वेळ आली तर खोकायचं. आणि इथं हा पांढऱ्या अर्ध्या बाह्यांच्या शर्टातला माणूस मालकाच्या बायकोला, मालकाच्याच वाढदिवशी, मालकाचाच सामोसा हातात धरून असं बोलत होता, आणि बोलून झाल्यावर शांतपणे चटणी मागत होता! मला वाटलं, संपलं. उद्यापासून याची खुर्ची रिकामी.

खुर्ची रिकामी झाली नाही. उलट दोनेक महिन्यांनी मालकीणबाईच ऑफिसात आल्या, केबिनमध्ये बसून मुकादमसरांना तेच गाणं त्यांनी पुन्हा म्हणून दाखवलं आणि बाहेर आल्या तेव्हा डोळे पुसत होत्या. मी न राहवून विचारलं, "काय म्हणाले हो?" तर म्हणाल्या, "म्हणाले, आता दार दिसलं नाही," आणि हसत निघून गेल्या. या माणसाच्या बाबतीत मी तेव्हा जे तोंडात बोट घातलं ते शेवटपर्यंत काढायला मिळालं नाही.

गाणं सगळ्यांच्या ओळखीचं. रेडिओच्या जमान्यातलं, आमच्या आया भाकऱ्या थापताना म्हणायच्या ते.

दार लोटून ठेव, बाई, कडी नको लावू
वाटेवरल्या माणसाचा दिवा नको मालवू

इतकं साधं, की कुणालाही वाटावं आपल्याला येईल. म्हणूनच ते सगळ्यांनी गाऊन ठेवलं आहे. रिअ‍ॅलिटी शोमधल्या पोरांनी, गिटारवाल्या कॉलेजकुमारांनी, बँडवाल्यांनी, भजनी मंडळांनी. एका कुलपाच्या कंपनीनं तर जाहिरातीलासुद्धा घेतलं, आता बोला! कडी लावू नको म्हणणाऱ्या गाण्यावर कुलपं विकायची म्हणजे कमाल झाली. या सगळ्यांची तुलना करणं हे मुकादमसरांचं व्यसन होतं. दुसरं व्यसन नाही, पानसुद्धा नाही. दुसरं गाणंही नाही. मी एकदा विचारलं, "सर, बाकीची गाणी आवडत नाहीत का?" तर म्हणाले, "शिंदेबाई, एका माणसाशी नीट ओळख व्हायला जन्म जातो. तुम्ही गावजेवण कशाला घालता?"

त्यासाठी बुधवार ठरलेला होता. बुधवारी जेवणाच्या सुट्टीत मागच्या खोलीत, जुन्या फायलींच्या कपाटांमध्ये, आमचा डबा आणि मैफल एकत्र व्हायची. कायम बसणारे तिघं: सर, मी आणि उरणकडचा म्हात्रे. तो बंदरावर कागद घेऊन पळायचा. ज्याला नवीन व्हर्जन सापडेल त्यानं फोन पालथा ठेवून, छोट्या स्पीकरवर ते लावायचं. गाणाऱ्याचं नाव सांगायचं नाही. गाणं चालू असताना चावायचं नाही. हा नियम ऐकून पहिल्या दिवशी मी हादरलेच होते, कारण घास तोंडात होता. सर डोळे मिटून बसायचे, डावा पंजा टेबलावर सपाट, बोटं अगदी स्थिर. ठेका कधी धरला नाही. ठेका धरला की कान सुटतो म्हणायचे. गाणं संपलं की आपलं मत सांगायचे आणि मग विचारायचे, "हां. आता नाव सांगा." नाव कळल्यावर मत बदलायचं नाही, हा शेवटचा आणि सगळ्यात कडक नियम. म्हात्रेनं एकदा स्वतःच्याच लाडक्या गायकाला शिव्या घातल्या आणि नाव कळल्यावर "नाय नाय, तसा बरा हाय तो" असं सारवायला गेला, तर सरांनी त्याला पुढचा बुधवार बाहेर बसवलं होतं.

मतं मात्र ऐकण्यासारखी. एका नावाजलेल्या गायकाबद्दल म्हणाले, "हा घरातही आहे आणि दाराबाहेरही हाच उभा आहे. मग वाट कोण बघतंय?" एका शाळेच्या समूहगानाबद्दल, "मुलांना लवकर घरी जायचंय, आणि ते या गाण्यात चालतं." एका फार तयारीच्या बाईंबद्दल, "तान घेता घेता बाईंनी दिवा मालवला." मी सुरुवातीला हसून सोडून द्यायचे. मग घरी जाऊन तेच गाणं पुन्हा ऐकायचे आणि खरंच दिवा मालवलेला असायचा.

हट्टही विचित्र. पनवेलच्या एका विमा एजंटाची कॉलरट्यून हेच गाणं होतं, कुणा अनोळखी मुलीनं म्हटलेलं, आणि ते दुसरीकडं कुठंच मिळत नव्हतं. सर रोज दुपारी त्याला फोन लावायचे, गाणं ऐकायचे आणि त्यानं उचलायच्या आत ठेवून द्यायचे. शेवटी तो एजंट बिचारा पत्ता काढून ऑफिसात हजर झाला. "सर, तुम्ही रोज फोन करता, बोलायला संकोच वाटत असेल, म्हणून मीच आलो." आम्ही सगळे फायलींमध्ये तोंडं खुपसून हसत होतो. मुकादमसरांनी त्याला मानानं बसवलं, चहा पाजला आणि भिडेखातर एक पॉलिसी घेतली. वर त्याला विनवणी, "ट्यून बदलू नका. ती मुलगी शेवटच्या ओळीवर जरा थांबते, तेवढ्यासाठी फोन करत जाईन." पॉलिसीवाला हात जोडून निघाला, पण दारातून दोनदा वळून बघत गेला.

एवढं ऐकून कुणाला वाटेल, जुन्याला चिकटून बसलेला माणूस असणार. मलाही वाटायचं. म्हणून म्हात्रेच्या बहिणीच्या हळदीला आम्ही गेलो तेव्हा मी धास्तावले होते. द्रोणागिरीच्या अलीकडचं त्यांचं गाव. मांडवात डीजे लावलेला, छातीत धडधडेल असा. हळद लागली, जेवणं झाली, आणि डीजेवाल्यानं नेमकं हेच गाणं चढवलं. खाली ढोल, वर कर्णा, मध्ये कुणीतरी "ए आवाज!" म्हणतंय. म्हात्रेचा चेहरा पडला. धावत आला. "सर, बंद कराला सांगू काय? तुमाला तरास होईल."

सरांनी त्याचा दंड धरून त्याला शेजारी बसवलं. "गप. बघ."

मांडवात बायका नाचत होत्या. म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या, नवरीच्या मैत्रिणी, सगळ्यांचे गाल पिवळे. आणि "कडी नको लावू" आलं की सगळ्या एकदम हात वर करून ओरडत होत्या, घसा फाटेस्तोवर. सर ते बघत राहिले. गाणं संपल्यावर म्हणाले, "मूळ गाणाऱ्या बाईनंतर माझ्या यादीत हे दुसऱ्या नंबरला." मी अक्षरशः आ वासला. म्हणाले, "अहो, या सगळ्या जणी खरंच सांगतायत, की कडी लावू नका. उद्या एक पोरगी या घरातून जाणार आहे. यापेक्षा सूर काय मोठा असतो?"

अलीकडं म्हात्रेनं त्यांना फसवायचा बेत केला. कुठल्याशा ॲपवर, माणसाशिवाय, कॉम्प्युटरकडून हे गाणं गाऊन घेतलं. आवाज इतका सुरेख, की मला कळलंच नसतं. बुधवारी लावलं. दुसऱ्या ओळीला सरांनी डोळे उघडले. असं कधीच होत नसे. स्पीकरकडं बघत म्हणाले, "हा श्वास केव्हा घेतो?" म्हात्रे खिदळला, "घेयाचा नाय सर त्याला. माणूसच नाय तो." सरांनी पाण्याचा ग्लास पुरा केला. "याची कुणी वाट बघितलेली नाही, यानं कुणाची बघितलेली नाही. बंद कर ते." असा कान! कुठल्या क्लॅरिनेटवाल्याचा श्वास कुठं तुटला हे त्यांना कळायचं.

त्यांच्या घरी कामोठ्याला मी ईदला जायचे. तिसरा मजला, खिडकीत तुळशीएवढ्याच निगुतीनं वाढवलेला मोगरा, आणि नसीमभाभींचा शीरखुर्मा. मूळची दोघंही नवरा-बायको रायगडच्या खाडीकाठची, कोकणी मुसलमान. सर ऑफिसची मराठी बोलायचे, भाभींनी मात्र गावची बोली कामोठ्यात जशीच्या तशी ठेवली होती. मऊ, ठेंगणी बाई. फार बोलायच्या नाहीत. मुलगा नोकरीला आखातात, घरात दोघंच.

एका ईदला मी भाभींना हातभार लावायला म्हणून स्वयंपाकघरात गेले. त्या मिक्सरवर बदाम फिरवत होत्या, पाठ माझ्याकडं. मिक्सरच्या घरघराटात मला दुसराच आवाज ऐकू आला. मी जवळ गेले. भाभी गात होत्या. हेच गाणं. मिक्सर बंद झाला आणि त्याच क्षणी गाणंही बंद. ओळ अर्धीच. त्यांनी भांडं उघडून बोटानं बदाम चाचपले, झाकण लावलं, मिक्सर सुरू केला आणि ओळ जिथं तुटली होती तिथून पुढं सुरू.

मी दारातच उभी राहिले.

त्यांनी मला पाहिलं, तेव्हा चोरी सापडल्यासारख्या लाल झाल्या. "सुनंदा, कंदी आलीस तू?"

"भाभी, तुम्ही गाता?"

"हळू बोल गो!" त्यांनी बाहेरच्या खोलीकडं पाहिलं. तिथं सर पाहुण्यांशी बोलत बसले होते. "यांच्यासमोर? तौबा!"

मग शीरखुर्मा ढवळता ढवळता त्यांनी सांगितलं ते थोडकंच होतं. माहेरी गावातली एकही मेंदी त्यांच्या गाण्याशिवाय झाली नव्हती. लग्न होऊन आल्या आणि पहिल्याच आठवड्यात, तांदळाचं पीठ मळताना हे गाणं म्हणत होत्या. सर बाहेरून म्हणाले, "दुसऱ्या ओळीत घाई झाली." बस, तेवढंच. रागानं नाही, हिणवून नाही. जसे सगळ्यांना म्हणायचे तसे.

"त्यांनी गाऊ नको असं कंदी म्हटलं नाय," भाभी म्हणाल्या, "अल्लाशपथ. त्यांच्या तर ध्यानातबी नसंल. पन त्या दिसापासना तोंड उघडलं का मना वाटतं, आता बोलतील, आता बोलतील. मंग मिक्सरच बरा पडतो."

दिव्याखाली अंधार म्हणतात तो किती जवळ असतो! जगभरच्या गळ्यांतून हे गाणं शोधत फिरणारा माणूस, आणि त्याच्या स्वयंपाकघरात ते मिक्सरखाली दडपलेलं. मला सरांचा संताप आला. भाभींचाही आला. एवढ्या वर्षांत एकदा तरी झाकण न लावता गायचं होतं की.

नंतर चार दिवसांनी भाभींचा फोन आला, सर ऑफिसात असताना. भावाच्या मुलीचं लग्न ठरलं होतं, आणि तिनं हट्ट धरला होता, फुफी, माझ्या मेंदीला तूच गायचं, तेच दाराचं गाणं. भाभींना जायचं होतं, गायचं होतं, आणि हिंमत होत नव्हती. म्हणाल्या, "मी बेडरूममधी बसून फोनात भरलाय तो. तुला धाडते. तुमच्या बुधवाराला लाव. नाव सांगू नको. मना बायको म्हनून नको काय ते. परक्या मानसाला सांगतात तसा सांगू देत. चांगला म्हटलं तर मी मेंदीला गाईन."

"आणि नाही म्हटलं तर?"

"तर मिक्सर हाय."

तो बुधवार मी विसरणार नाही. मला भीती सरांच्या मताची नव्हती, ओळखण्याची होती. कॉलरट्यूनमधल्या पोरीचा थांबा ओळखणारा माणूस, ज्या बाईच्या हातचं रोज जेवतो तिचा आवाज ओळखणार नाही? पहिल्याच शब्दाला डोळे उघडतील, माझ्याकडं बघतील आणि भाभींचा सगळा बेत फसेल, असं मी धरूनच चालले होते.

त्यांनी डबा उघडला. भाभींनी दिलेली सांदणं होती. तांदळाची, गोड वासाची. त्यांनी झाकण परत ठेवलं, पंजा टेबलावर सपाट केला आणि डोळे मिटले. मी फोन पालथा घातला.

दार लोटून ठेव, बाई...

सरांनी डोळे उघडले नाहीत. पहिली ओळ गेली, दुसरी गेली. चेहऱ्यावर ओळखीची एक रेघ उमटली नाही. त्यांना कळलं नव्हतं! त्यांना खरंच कळलं नव्हतं. म्हात्रे भारावून ऐकत होता, आणि मला समोरच्या माणसाचे खांदे धरून गदागदा हलवावंसं वाटत होतं.

गाणं संपलं. सर म्हणाले, "परत लावा."

असं कधी झालं नव्हतं. मी परत लावलं. तेही संपलं. मग ते बोलू लागले आणि आवाज नेहमीचा नव्हता.

"मूळ बाईनंतर इतका खरा आवाज मी या गाण्यात ऐकलेला नाही. मूळ बाईच्याही पुढं गेली असती ही. पण ही गात नाहीये." त्यांनी पालथ्या फोनकडं पाहिलं. "प्रत्येक ओळीच्या शेवटाला ही कान देऊन बघते. कुणी आलं का, कुणी ऐकलं का. घरात कुणीतरी आहे. त्याला भिऊन गातेय ही." आणि मग, ज्या माणसाला मी कधी चिडलेलं पाहिलं नव्हतं, त्यानं टेबलावर मूठ आपटली. "कोण नालायक असेल तो? असला गळा घरात असून त्याच्या नरड्यावर बसलाय! माणूस म्हणायचं का त्याला?"

म्हात्रेनं मान डोलावली. "बराबर हाय सर."

"हां. आता नाव सांगा."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं आपण नुसतं म्हणतो. त्या दिवशी मी खरंच पायाखालच्या लादीकडं पाहिलं.

"सांगा ना मॅडम," म्हात्रे म्हणाला, "नियम हाय."

मी सांगितलं, "नसीमभाभी."

म्हात्रेला आधी कळलं नाही. मग कळलं आणि तो खुर्चीतल्या खुर्चीत आक्रसला. सर माझ्याकडं बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर मी काय पाहिलं ते सांगता येत नाही. कुणी माणसाला भर रस्त्यात थोबाडीत मारावी आणि मारणाऱ्याकडं बघावं तर तिथं कुणीच नसावं, तसं काहीतरी. त्यांचा पंजा अजून टेबलावर होता, पण बोटं हलत होती. त्यांनी ती दुसऱ्या हातानं धरली.

म्हात्रे बिचारा धावून आला. "सर, रेकॉर्डिंग खराब असंल. बंद खोलीत केलेला असला ना, का असाच येतो आवाज."

"नाही," सर म्हणाले.

"सर, मंग परत एकदा..."

"नाही, म्हात्रे. नाव कळल्यावर मत बदलायचं नाही." मग त्यांनी तेच हळू आवाजात पुन्हा म्हटलं. "मत तेच."

तेवढ्यात माझा फोन थरथरला. जेवणाच्या सुट्टीनंतर भाभी फोन करणार होत्या, त्यांना दम निघाला नव्हता. पालथा फोन मी उचलला आणि नाव आम्हां तिघांनाही दिसलं. सरांनी हात पुढं करून थांबवलं. "उचलू नका. मी घरी जाऊन सांगतो. तिनं मला विचारलंय." त्यांनी न खाल्लेला डबा बंद केला, पिशवीत ठेवला आणि भर दुपारी निघून गेले. आजारी बापाला बघायलासुद्धा हा माणूस काम टाकून उठला नव्हता. त्यानंतर बुधवारची मैफल झाली नाही. सर वेळेवर यायचे, कंटेनरचे कागद बघायचे, जायचे. म्हात्रेला नवीन काही सापडलं तरी तो ते घरीच ऐकायचा. महिनाअखेरीला सरांची निवृत्ती होती. भाषणाला त्यांनी नकार दिला आणि सामोसे खाऊन सगळ्यांशी हात मिळवला.

मेंदी त्यानंतर आठवड्याभरात होती, द्रोणागिरीला. भाभींच्या भावाचा ट्रेलरचा धंदा, त्याचा पहिल्या मजल्यावर फ्लॅट. खाली इमारतीपुढं पुरुषांसाठी मांडव, वर बायका. समोर रुंद, सरळ, मोकळा रस्ता, एका बाजूला गोदामांच्या लांबच लांब भिंती आणि दुसऱ्या बाजूला ओळीनं उभे ट्रेलर. संध्याकाळचं ऊन अजून रस्त्यावर होतं.

भाभी खिडकीशी बसल्या होत्या. हिरवा जॉर्जेटचा सूट, ओढणीखाली केसांत मोगरा. मी शेजारी जाऊन टेकले आणि कुजबुजत विचारलं, "त्या दिवशी घरी येऊन काय म्हणाले?"

"दारातच उभे ऱ्हायले," भाभी म्हणाल्या. "म्हटलं, 'आवाज अव्वल हाय तुझा. पन तू भितेस. मनाच भितेस.'"

"मग?"

"मी म्हटलं, होय. मंग दोगं जेवलो." त्यांनी ओढणी सारखी केली. "ते काय बोलतच नाय तवापासना. मिक्सर लावला का उठून गॅलरीत जातात. आता तूच सांग, मी कसा गाऊ? बघ, खालीच बसलेत."

मी खिडकीतून पाहिलं. मांडवाच्या पहिल्या रांगेत सर, पांढरा कुर्ता, हात मांडीवर. वरच्या खिडक्या सताड उघड्या, वर खाकरलेलं खाली ऐकू जावं इतकं जवळ.

पोरींनी ढोलक आणलं. नवरीनं मेंदीचे हात वर धरून आरडाओरडा केला, "फुफी! फुफी!" भाभींनी डोळे मिटले, ओठ भिजवले आणि सुरुवात केली. दार लोटून ठेव, बाई. आवाज बारीक, चाचपडत. पहिल्या ओळीच्या शेवटाला त्यांचे डोळे उघडले आणि सरळ खाली गेले. आवाज तिथंच तुटला. ढोलक दोन ठोके एकटंच वाजून थांबलं.

खाली सरांनी मान वर केली नाही. पण त्यांना ते ऐकू गेलं होतं. ते उठले. भाभींच्या माहेरचं कुणीतरी म्हणालं, "अहो दुलाभाई, बसा, बसा, वर दीदी गायला लागल्यात." सरांनी हातानंच नाही म्हटलं, मांडवाच्या कडेची चप्पल पायांत सरकवली आणि चालू लागले.

माझं डोकं सणकलं. हा माणूस उठून जातोय? आज? सगळ्या पाहुण्यांदेखत बायकोच्या गाण्यावरून उठून जातोय? मी रागानं हाक मारायला खिडकीतून अर्धी बाहेर वाकले, आणि भाभींनी माझं मनगट पकडलं. त्या हसत होत्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या. "जाऊ दे त्यांना," म्हणाल्या. "माज्यासाठी जातायत."

मला तेव्हा कुठं उमगलं: ते आपला कानच लांब घेऊन चालले होते.

सर मांडवाबाहेर पडून रस्त्याला लागले. पहिला ट्रेलर मागं पडला, दुसरा मागं पडला. भाभी ओठ मिटून बघत होत्या. कुणी घाई केली नाही, पोरींनीसुद्धा नाही. पांढरा कुर्ता चांगला लांब गेल्यावर भाभींनी ढोलकवालीला मान डोलावली, श्वास भरून घेतला आणि गायल्या.

मी त्या गाण्याची किती तरी व्हर्जनं ऐकली आहेत, बुधवारच्या बुधवार. असं एकही नाही. काय होतं ते सांगायला मुकादमसर हवेत, मला ते शब्द नाहीत. इतकंच सांगते, की नवरी मेंदीचे हात तसेच धरून रडत होती, खाली पुरुषांचं बोलणं बंद पडलं होतं आणि आचाऱ्यानं झारा कढईबाहेर काढून धरला होता. भाभी दुसऱ्या ओळीला अजिबात घाई करत नव्हत्या. ओळ संपली की कान देऊन बघत नव्हत्या. त्यांची नजर बाहेर रस्त्यावर होती, लांब होत चाललेल्या त्या माणसावर, आणि आवाज असा मोकळा सुटला होता, की मला वाटलं आता तो तिथंवर पोहोचेल.

सरांनाही ती भीती वाटली असावी. ते भरभर चालत होते. ज्या गाण्यासाठी त्यांनी अनोळखी एजंटाला रोज फोन केले, त्याचं सगळ्यात चांगलं व्हर्जन मागं चालू होतं आणि ते त्याच्यापासून लांब लांब जात होते. एकदाही वळले नाहीत.

मग गाणं संपलं. बायकांनी एकच गलका केला, नवरी भाभींच्या गळ्यात पडली, कुणी मिठाईचं ताट फिरवलं. मी खिडकीतून बघत होते. गोदामांच्या भिंतीच्या पार टोकाला पांढरा ठिपका अजून चाललाच होता. गाणं संपलं हे त्यांना तिकडं कळणार तरी कसं?